मुळ्यांच्या होडीचं शीड

कोपरगावला पाटबंधारे खात्यातल्या माणसांनी मिळून प्लॉट घेतले, घरं बांधली, आणि हळूहळू त्या कॉलनीत प्रत्येकाच्या पोर्चमध्ये गाडी आली. मुळ्यांच्या पोर्चमध्ये होडी आली.

विष्णुपंत मुळे खात्यात आरेखक होते. तेहेतीस वर्षं त्यांनी कालव्यांचे आणि चाऱ्यांचे नकाशे काढले. निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी बायकोला सांगितलं, "इंदू, मी आता एक होडी बांधणार. शिडाची." इंदूला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचं खूळ असेल. ते अकरा वर्षं चाललं. मुंबईहून प्लायवूड आलं, डब्यातून लाकूड चिकटवायचं रेझिन आलं. रंध्याचा भुसा थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. एक बाजू मनासारखी वळली नाही म्हणून त्यांनी ती काढून टाकली आणि पुन्हा वर्षभर घासत बसले. इंदू तेव्हा ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होती. प्रवेशाचे अर्ज तपासून संध्याकाळी घरी आली की आधी होडीला वळसा घालून दार उघडायचं, ही तिची सवयच होऊन गेली.

तिला स्वतःला पाण्याचं काही कौतुक नव्हतं. माहेर जामखेडचं. लहानपणी पाणी म्हणजे डोक्यावरचा हंडा आणि त्यासाठी रांग, एवढंच तिला ठाऊक. पोहता येत नव्हतं. नदीच्या घाटावर गेली तरी ती वरच्या पायरीवर थांबायची. ही होडी पाण्यात जाईल, तिच्यात कोणी बसेल, असं काही तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. नवरा रिकामा बसून चिडचिड करत नाही, हेच तिला पुरेसं होतं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये सकाळी चहा घेताना विष्णुपंतांच्या हातून कप पडला आणि त्यांना तो उचलता येईना. उजवी बाजू गेली होती. ॲम्ब्युलन्स आली, दोघं जण स्ट्रेचर घेऊन आत आले आणि परत निघाले तेव्हा पोर्चमध्ये अडकले. अकरा फुटांची होडी आणि भिंत यांच्यामधून स्ट्रेचर जाईना. आडवं करून, तिरकं करून, शेवटी होडीवरून उचलून त्यांना बाहेर काढलं. चार मिनिटं गेली असतील. डॉक्टर नंतर म्हणाले, चार मिनिटांनी काही बिघडलं नसतं. इंदूने ते ऐकून घेतलं, पण त्या दिवसापासून ती होडी तिच्या डोळ्यांसमोर नकोशी झाली.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते तिला विचारलं तर तिला नीट सांगता यायचं नाही. सगळे दिवस एकासारखे एक. पहाटे त्यांना कुशीवर वळवायचं, पुसून घ्यायचं, चादर बदलायची. पेज भरवायची, ती ठसक्याबरोबर अर्धी बाहेर यायची. दहाला ज्ञानेश्वरी यायची, शेजारच्या गल्लीतली, पेशंट सांभाळायचं काम करणारी. ती पाचपर्यंत थांबायची म्हणून भाजी, बँक, औषधं त्या वेळात उरकायची. विष्णुपंत बोलायचे, पण शब्द जड यायचे, अर्धे आतच राहायचे. समोरच्याला कळलं नाही की ते संतापायचे. समोर बहुतेक वेळा इंदूच असायची. मुलगा अनीश बंगलोरला होता. रोज फोन करायचा, आणि रोज विचारायचा, "आई, तू झोपतेस ना नीट?" ती हो म्हणायची.

या वर्षी पावसाळ्यानंतर फिजिओथेरपिस्ट म्हणाला, "काकू, काकांना रोज बाहेर बसवा. ऊन लागू दे, माणसं दिसू देत. दाराशी एक उतार बांधून घ्या, खुर्ची सरळ बाहेर जाईल." उतार बांधायला पोर्च मोकळा हवा. पोर्चमध्ये होडी.

अनीशने इंटरनेटवर जाहिरात टाकली. चौकशा आल्या त्या बहुतेक गमतीच्या. एका हॉटेलवाल्याला ती गल्ल्याजवळ शोभेला ठेवायची होती. एकच फोन कामाचा होता. नाशिकहून सुश्रुत नावाचा माणूस बोलत होता. तो धरणावर मुलांना शिडाची होडी शिकवायचे वर्ग घ्यायचा.

"बांधणी फोटोत फार सुरेख दिसते," तो म्हणाला. "पण काकू, शीड कुठंय?"

"शीड केलंच नाही. तेवढ्यात हे आजारी पडले."

"मग मी नाही घेऊ शकत. तयार होडी असेल तर आजच्या आज घेऊन जाईन. शिडाशिवाय ती नुसती लाकडं." मग तो म्हणाला, "तुम्ही नगर जिल्ह्यातच ना? मग तुम्हाला एक गंमत सांगतो. आमचे सगळे लोक मुंबईच्या दुकानातून शिडं घेतात. दुकानदार आपलं लेबल लावतो. पण शिवतो तो माणूस तुमच्या तिसगावात आहे. छगन मरकड. एकदा शिडाच्या घडीत त्याचा टेप राहिला होता, त्यावर नंबर होता, म्हणून मला कळलं. तुम्ही थेट त्याच्याकडेच जा."

तिसगावात शिडं! पाथर्डी तालुक्यात, जिथं उन्हाळ्यात टँकर फिरतात तिथं! इंदूला ते खरं वाटेना. पण नंबर लागला. पलीकडचा माणूस हळू आणि दमल्यासारखा बोलत होता.

"व्हय, मीच शिवतो. पर ताई, फोनवर माप घेऊन न्हाई शिवत मी. नकाशा आसंल तर घेऊन या."

नकाशा विष्णुपंतांच्या टेबलाच्या खालच्या खणात होता. ते झोपलेले असताना इंदूने तो काढला. का जातेय ते तिने त्यांना सांगितलं नाही. नगरला कामाला जातेय एवढंच म्हणाली. ज्ञानेश्वरीला सकाळी सातलाच बोलावून घेतलं आणि एसटी पकडली. नगरला गाडी बदलली. करंजीचा घाट चढून गाडी पलीकडे उतरली तेव्हा सव्वाबारा झाले होते. खिडकीशी बसून ती नुसती बाहेर बघत होती. झोप येत होती, पण उतरायचं गाव निघून जाईल म्हणून डोळे उघडे ठेवले होते.

छगन मरकडांचं दुकान रस्त्याला लागून होतं. पुढे ताडपत्र्या, मोटारींची कव्हरं, शेततळ्याचा कागद. मागे लांबच लांब पत्र्याचं शेड, पूर्वी त्यात कांदा साठवत असतील. जमीन शेणाने नाही, घोटीव सिमेंटने केलेली आणि इतकी स्वच्छ की इंदूने न सांगता चपला बाहेर काढल्या. जमिनीवर पांढरंशुभ्र, कडक, कागदासारखं वाजणारं कापड पसरलेलं होतं आणि साठीचा एक माणूस गुडघ्यांना रबर बांधून त्यावर रांगत रेघ मारत होता. त्याला उठायला वेळ लागला. आधी एक हात जमिनीला, मग एक भिंतीला.

"गुडघे गेले आता," तो म्हणाला. "सैन्यात हुतो तवा दिसभर रांगायचो. पुण्याला आमच्या लोकांच्या होड्यांच्या शर्यती आसायच्या, त्यांची शिडं आमी शिवायचो. वीस वर्सं तेच केलं. घरी आलो तर दुसरं काय येतंय?"

"मग गावात कुणी..."

"गावात कुनाला ठाव बी न्हाई हे काय हाय ते. लोक म्हन्त्यात, छगन मांडवाचं कापड शिवतो." त्याने हात पुसून नकाशा घेतला, जमिनीवर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार कात्र्या ठेवल्या. रेघांवरून बोट फिरवत गेला. "हात कुनाचा हाय हा?"

"आमच्या ह्यांचा."

"लई नेटका हात हाय." मग तो म्हणाला, "होडी चालवनार कोन?"

"ते काही ठरलेलं नाही. आम्हाला विकायची आहे. तुम्ही आपलं साधारण शिवा, कुणालाही चालेल असं."

छगनने मान हलवली. "साधारन न्हाई शिवता येत, ताई. वजन लागतं. हलक्या मानसाला मोटं पोट दिलं तर वाऱ्यात आवरत न्हाई, पलटी हुती. जड मानसाला सपाट दिलं तर होडी जागची हलत न्हाई."

"पोट म्हणजे?"

तो जरा अडखळला. पलीकडे मशीनवर बसलेल्या त्याच्या बायकोकडे, गोजरबाईकडे, त्याने पाहिलं. गोजरबाईने पाय न थांबवता सांगितलं, "आवो बाई, शीड काय चादरीसारकं सपाट नसतं. बिलावजला टक्स घालतो ना आपन, तसं शिवनीत कापड मारायचं, म्हंजी वारं भरायला जागा हुती. ह्येंला बायामानसापुडं बिलावज म्हनाया लाज वाटती."

इंदूला हसू आलं. ती बऱ्याच दिवसांनी हसत होती, घसा कोरडा असल्यासारखा आवाज आला.

छगन पुन्हा नकाशावर वाकला होता. "हितं लिवलंय की," तो म्हणाला. "कोपऱ्यात, बारीक. चालक एकाहत्तर किलो. पुढं बसनारी अठ्ठावन किलो. आन् कंसात 'इं.' असं काय तरी हाय."

इंदूने चष्मा नीट करून वाचलं. विष्णुपंतांचंच अक्षर. तारीख तेरा वर्षांपूर्वीची. तेव्हा तिचं वजन अठ्ठावन्न होतं, बरोबर. एकदा त्यांनी किराणा दुकानातल्या काट्यावर तिला उगाच उभं केलं होतं, ते तिला आठवलं. तिला गहिवरून वगैरे आलं नाही. तिला राग आला. अकरा वर्षं भुसा झाडला, रेझिनच्या वासाने डोकं धरून झोपले, आणि हा माणूस मनात मला पुढे बसवून मोकळा. विचारलं नाही एकदाही, की तू येशील का. मला पाण्याची भीती वाटते हेही त्याला माहीत नसावं?

"तुमीच का ह्या?" गोजरबाईने विचारलं.

"हो," इंदू म्हणाली. "पण मी बसणार नाही. ते खोडून टाका."

छगनने खोडलं नाही. दोन आकड्यांची बेरीज करून त्याने शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवली, एवढंच. किंमत ठरली, मुदत ठरली. दीड महिना. मुंबईच्या दुकानात हेच शीड केवढ्याला पडलं असतं याचं त्याला काही देणंघेणं नव्हतं. तो फक्त म्हणाला, "शिडाचं गिऱ्हाईक इतक्या वर्सांत पयल्यांदा हितं आलं. तुमी दमल्याला दिसता. बसा थोडं."

शेडच्या कडेला ताडपत्रीच्या घड्यांचा ढीग होता. इंदू त्यावर टेकली. परतीची गाडी अडीचची होती. मशीनचा आवाज एका लयीत चालला होता. तिने पाठ मागे टेकवली तेवढंच तिला आठवतं. जाग आली तेव्हा तिच्या अंगावर कुणीतरी पातळ घातलं होतं, डोक्याखाली घडी सरकवली होती, आणि पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन पार पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. चार वाजले होते.

ती धडपडत उठली. "अहो, उठवायचं नाही का मला! माझी गाडी गेली!"

"दोनदा हाक मारली," गोजरबाई म्हणाली. "मग म्हनलं, निजू द्या. घोरत हुता तुमी."

ज्ञानेश्वरीचे चार फोन येऊन गेले होते. मग तिने मेसेज टाकला होता की ती रात्री दहापर्यंत थांबते, घाई करू नका. गोजरबाईने भाकरी आणि वाटलेल्या शेंगदाण्याची आमटी पुढे केली आणि समोर बसून राहिली. तिने विचारलं, घरी कोण असतं, किती दिवस झाले, जेवण कोण भरवतं. माजी सासू सहा वर्सं अंथरुनाला हुती, ती म्हणाली. हातचं काम कधीच सुटलं न्हाई, पर त्या सहा वर्सांत शिवलेल्या एकाबी शिडाची मला आठवन न्हाई. इंदू जेवली. कुणी समोर बसून वाढतंय आणि आपण जेवतोय, हे तिला इतकं अनोळखी झालं होतं की तिने दोनदा पाणी मागितलं.

घरी पोचली तेव्हा विष्णुपंत जागे होते. नकाशाचा खण उघडा राहिला होता आणि ज्ञानेश्वरीने तो लावताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी डाव्या हाताने टेबलाकडे बोट केलं. "न... नकाशा."

इंदूने पर्स खाली ठेवली. खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "शीड शिवायला दिलंय. होडी विकतेय मी. तुम्हाला बाहेर बसवायचं तर पोर्च मोकळा करायला लागेल."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायचे. इंदूने दोनदा ताट परत नेलं. तिसऱ्यांदा ती तिथेच पलंगाच्या कडेवर ताट मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "नका जेवू. मलाही आता आग्रह होत नाही." हे ती चिडून म्हणाली नाही. खरंच तिला होत नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड उघडलं. पेज गार झाली होती, तीच खाल्ली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी मागितली. डाव्या हाताने, लहान मुलासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात त्यांनी लिहिलं: पोट किती देतोय?

इंदूने छगनला फोन लावला आणि मोबाईल पलंगावर ठेवला.

"सायेब, नमस्कार," छगन म्हणाला. "नकाशातल्यापरीस मी पोट कमी करतोय. तुमचा हिशेब समुद्राच्या वाऱ्याचा हाय. पुस्तकातनं घेतलाय का?"

विष्णुपंतांनी मान हलवली. "हो म्हणताहेत," इंदूने सांगितलं.

"आपल्याकडं वारं तसं न्हाई येत. दुपारी डोंगरावनं येकदम झोडपतं आन् मग मेल्यावानी गप. लई पोट दिलं तर पयल्याच झोडप्यात होडी आडवी."

विष्णुपंत चिडले. "न... नाही. आकडा... बरोबर." पाटीवर त्यांनी आकडे लिहिले, इंदूने ते वाचून दाखवले. छगनने आपले आकडे सांगितले, इंदूने ते पाटीवर लिहून त्यांच्यापुढे धरले. असं पाऊण तास चाललं. पुढे दोन-तीन दिवसांआड चालायला लागलं. एकदा शीड ताठ राहायला पट्ट्या किती घालायच्या यावरून, एकदा कडेची दोरी सुती की नायलॉनची यावरून. कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या आणि इंदू दोघांच्या मधे निरोप्या होऊन उभी. "मला यातलं काही कळत नाही," ती एकदा वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघं आपसांत ठरवा." पण आपसांत ठरवायचं तर तिच्याशिवाय दोघांचं चालत नव्हतं. शेवटी पोटाच्या बाबतीत विष्णुपंतांनी हार मानली. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'त्याचं ऐका', आणि पाटी उलटी करून ठेवली.

त्या दीड महिन्यात त्यांचं बोलणं काही सुधारलं नाही. राग तेवढा कमी झाला. की फोनच्या दिवशी तो तिकडे खर्ची पडायचा, कोण जाणे.

शीड तयार झालं तेव्हा छगनने ते कुरिअरने पाठवलं नाही. तो आणि गोजरबाई ते घेऊन स्वतःच आले. "माझं शीड काठीवर चढल्यालं बघून एकोनीस वर्सं झाली," तो म्हणाला. "मुंबईला पार्सल जातं, फुडं काय हुतं कळत न्हाई." सुश्रुतही पिकअप घेऊन त्याच दिवशी आला. कॉलनीतल्या सहा-सात माणसांनी मिळून होडी पोर्चमधून बाहेर काढली. गल्लीतच डोलकाठी उभी करून बघू म्हणाले, पण वर विजेच्या तारा होत्या. मग सगळं सामान पिकअपमध्ये घालून नदीवर गेले. बंधाऱ्याला फळ्या टाकल्या होत्या, मागे पाणी लांबवर तुंबलं होतं, कडेला जलपर्णी होती पण मधला पट्टा मोकळा होता. ज्ञानेश्वरीचा भाऊ वाल्मिक रिक्षा चालवायचा. त्याने विष्णुपंतांना उशा लावून मागच्या सीटवर बसवलं आणि रिक्षा अगदी पाण्यापर्यंत नेली.

नोव्हेंबर होता, दुपारचे तीन. छगनने शीड चढवलं. पांढरं कापड आधी फडफडलं, मग वारा भरला आणि एकदम गप्प झालं. कडेच्या बाजूने वरपासून खालपर्यंत एक बारीक सुरकुती दिसत होती. इंदूला ती दिसलीही नसती. छगन कपाळाला आठ्या घालून पुढे झाला आणि त्याच वेळी रिक्षातून विष्णुपंतांचा डावा हात बाहेर आला. ते तिथेच बोट दाखवत होते.

"बगितलं, सायेब, बगितलं," छगन म्हणाला. "दोरी ताठ शिवली गेली." त्याने शीड उतरवलं, तिथंच मातीत पोतं टाकून बसला, वरची वीतभर शिवण उसवली, दोरी ढिली केली आणि जाड सुईने हाताने पुन्हा टाके घातले. पाऊण तास गेला. कुणी घाई केली नाही.

दुसऱ्यांदा शीड चढलं तेव्हा सुरकुती नव्हती. सुश्रुत सुकाणूजवळ बसला आणि म्हणाला, "पुढे वजन हवं. काकू, येता?"

सगळ्यांनी इंदूकडे पाहिलं. विष्णुपंतांनीही. ओठ हलवायला त्यांना वेळ लागला. "बस... बसतेस?"

तेरा वर्षांनी का होईना, त्यांनी विचारलं होतं. इंदूने पाण्याकडे पाहिलं. पाय चिखलात होते, आणि तेवढंही पाणी तिला जवळ वाटत होतं. आता हो म्हटलं तर सगळ्यांना बरं वाटेल हे तिला कळत होतं. पण दोन वर्षं ती सगळ्यांना बरं वाटावं म्हणूनच हो म्हणत आली होती.

"नाही," ती म्हणाली. "मला पाण्याची भीती वाटते. जामखेडची आहे मी."

विष्णुपंत तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली, एकदा. कळलं, अशी.

"मी बसू का?" गोजरबाईने विचारलं. ती छगनला विचारत होती की सुश्रुतला, कळलं नाही, आणि उत्तराची वाट न बघता तिने लुगड्याचा काचा वर खोचला. सुश्रुतने तिला लाइफ जॅकेट घातलं. इतकी वर्षं शिडं शिवून ती कधी होडीत बसली नव्हती. होडी कडेपासून सुटली, जरा डगमगली, मग वाऱ्याला लागली आणि पाणी कापत निघाली. गोजरबाई दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून, तोंड मिटून बसली होती. परत आली तेव्हा छगनने विचारलं, "कसं वाटलं?"

"आवाजच येत न्हाई कसला," ती म्हणाली. "मशीनवानी आवाज येईल वाटलं हुतं." आणि मग ती खडकावर बसून जॅकेटचे बंद सोडायला लागली.

होडी नाशिकला गेली. अनीशने फोनवर विचारलं, बाबा रडले का? इंदू म्हणाली, नाही, काठी पिकअपमध्ये नीट बांधली नाही म्हणून सुश्रुतवर ओरडले. उतार बांधून झाला. विष्णुपंत सकाळी तासभर बाहेर बसायला लागले. ते काही चालायला लागले नाहीत. पहाटेचं कुशीवर वळवणं, चादर, पेज, सगळं तसंच आहे. इंदू दुपारी ज्ञानेश्वरी असताना अर्धा तास झोपते. आधी झोपत नव्हती, एवढाच काय तो फरक.

जानेवारीत छगनचा फोन आला. रत्नागिरीकडच्या एका माणसाने, सुश्रुतकडून नंबर घेऊन, थेट त्याच्याकडे शीड मागितलं होतं. पण त्याने पाठवलेला कागद म्हणजे नुसते आकडे, तेही इंग्रजी मापात. "सायबांना इचारा ना, ताई, नकाशा काढून देत्याल का? मला कागदावरचं उलगडत न्हाई."

इंदूने नको म्हणायचं ठरवलं होतं. घरात आधीच कमी कामं नव्हती. पण विष्णुपंतांनी ऐकलं होतं आणि ते टेबलाकडे बघत होते.

आता आठवड्यातून दोन सकाळी इंदू त्यांच्या मांडीवर पाट ठेवते, त्यावर कागद चिकटवते आणि पट्टी दाबून धरते. ते डाव्या हाताने रेघ ओढतात. एका रेघेला दहा-दहा मिनिटं लागतात, मधेच हात थरथरला की खोडून पुन्हा. पट्टी धरून तिचा अंगठा बधिर होतो. आत दूध तापत ठेवलेलं असतं.

"झालं का?" ती विचारते.

"थांब," ते म्हणतात. हा शब्द त्यांना स्वच्छ येतो.

ती अंगठा बदलते आणि थांबते.